एकच कोड, एकच प्लॅटफॉर्म : जागतिक कंपन्या सगळं कामकाज का जोडतात?

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत गेलात की फाउंड्री दिसतातच. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं आणि गाड्यांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचे. इथला माल परदेशातही जातो. मग प्रश्न पडतो : मोठी कंपनी प्रत्येक देशात आपला वेगळा कारभार का थाटत नाही?

मला याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडलं. आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजीसाठी तीन वेगळी ॲप लिहीत नाही. कोड एकच, फक्त भाषेची फाइल बदलते. बग एकदा काढला की सगळीकडचा जातो.

गाड्यांचंही तसंच आहे. फोक्सवॅगन समूहाच्या 'एमक्यूबी' प्लॅटफॉर्ममध्ये पुढचा ॲक्सल आणि पेडल यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. लांबी, रुंदी आणि बॉडी बदलता येते. याचंच भारतासाठी केलेलं रूप घेऊन चाकणच्या कारखान्यात कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस या चार गाड्या आल्या. डिझाइनचा मोठा खर्च चौघींत वाटला गेला, सुटे भाग घाऊक घेता आले. चाकणची व्हर्टस मेक्सिकोलाही गेली.

नियमही जोडले गेले. पूर्वी अमेरिकन, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन गाडी कंपन्यांचे दर्जाचे नियम वेगवेगळे होते. 1999 मध्ये त्यांचं मिळून एक मानक आलं. 2016 पासून त्याचं नाव 'आयएटीएफ 16949'. म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्याने एक प्रमाणपत्र मिळवलं की अनेक कंपन्यांची दारं उघडतात.

पण बग सगळीकडचा जातो, तसा सगळीकडे पोचतोही! 2021 मध्ये चिपचा तुटवडा झाला आणि जगभर गाड्यांचं उत्पादन अडलं. गाडीच बनत नसेल, तर तिचं कास्टिंग कोण घेणार? भट्टी इथली, कामगार इथले, पण घोडं अडलं दुसऱ्याच खंडात.

अजून एक गोष्ट. या साखळीत भाव ठरवताना वरचढ असतो तो ज्याच्याकडे डिझाइन आहे तो. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे भाग बनवणारा बदलता येतो; ड्रॉइंग काढणारा बदलणं अवघड. त्यामुळे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत असाल तर मशीन शिकाच, पण सोबत डिझाइनचं सॉफ्टवेअरही शिका. भट्टी आपल्याकडे आहेच, आता ड्रॉइंगही आपलं हवं.