हैदराबादेत मांडलेलं तवंगाचं गणित

हैदराबादच्या प्रगतीनगरात ‘इन्कॉइस’ आहे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. दख्खनच्या खडकावरून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी अरबी समुद्रात तेल सांडलं, की ते कुठल्या किनाऱ्याला लागेल याचा अंदाज इथे बांधला जातो.

हिशेबाचा गाभा सोपा आहे. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो आणि शिवाय वारा त्याला आपल्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने ढकलतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा असेल, तर तवंग तासाला किलोमीटरभर सरकतो. मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे. असा वारा किनाऱ्याच्या दिशेने सलग वाहिला, तर प्रवाहाची मदत न धरताही आठवड्याभरात तेल दारात.

बंदराच्या तोंडाशी तेवढीही सवड नसते. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं मुंबईजवळ आदळली. सुमारे 800 टन तेल सांडलं आणि तिवरांत शिरलं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेतं. भरतीला तेल आत येतं, ओहोटीला त्याच मुळांवर लेप होऊन बसतं. झाड गुदमरतं. शिंपल्यांची, खेकड्यांची आणि कोळंबीच्या पिलांची जागाही तीच.

तेल कुठलं, यावर पुढचं बरंच ठरतं. डिझेलचा मोठा भाग उडून जातो. भट्टीचं जाड तेल उडत नाही. लाटा त्यात पाणी घुसळतात, तपकिरी लगदा होतो आणि तो मूळ तेलाच्या कितीतरी पट फुगतो. म्हणून संगणकाला चार गोष्टी हव्यात : कुठे, केव्हा, कुठलं, किती. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा-3’ बुडालं, तेव्हा जहाजावर 84 टन डिझेल आणि 367 टन भट्टीचं तेल असल्याचं लगेच जाहीर झालं. केरळचे कुठले किनारे धोक्यात आहेत, हे ‘इन्कॉइस’ला सांगता आलं. 2017 मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला तेल सांडलं, तेव्हा मात्र किती सांडलं ते आधी नीट कळलं नाही आणि माणसं बादल्यांनी तेल उपसताना देशाने पाहिली.

तेलगळतीसाठीच्या 1996 च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत, पण 700 टनांपर्यंतच्या गळतीला आधी तोंड द्यायचं ते बंदराने किंवा तेल कंपनीने. म्हणजे जिच्या हातून सांडलं, अनेकदा तीच किती सांडलं ते सांगणार! मला ही व्यवस्था धोक्याची वाटते. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या तेलशोधाची मोहीम जाहीर झाली. गरजेचं बहुतेक कच्चं तेल आयात करणाऱ्या देशाने ते शोधू नये, असं मी म्हणणार नाही. पण कुठे, केव्हा, कुठलं, किती या चार गोष्टी पहिल्या तासातच तटरक्षक दलाला आणि हैदराबादला कळवण्याची सक्ती प्रत्येक विहिरीच्या करारात हवी.

आणि इशारा किनाऱ्यावर मराठीत पोचायला हवा. मासळी कुठे मिळेल याचा अंदाज ‘इन्कॉइस’च मच्छीमारांना देतं; त्याच वाटेने तवंगाचा इशाराही जावा. डोलीचं जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं. तवंग आला की ते माखतं आणि मासळीला तेलाचा वास लागतो. एक दिवस आधी कळलं, तर कोळी ते काढून घेऊ शकतो.