कृष्णविवरांची खानेसुमारी

हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ आजवर सर्वांना माहीत होते ते ज्योतिर्लिंगासाठी. आता या परिसरात चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन नळ्यांची वेधशाळा उभी राहायची आहे. ‘लायगो-इंडिया’ हे तिचे नाव. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एवढा पैसा कशासाठी, असे कुणीही विचारील. तिच्यापुढचे एक मोठे काम म्हणजे कृष्णविवरांची खानेसुमारी!

कृष्णविवर दिसत नाही. प्रकाशसुद्धा त्यातून सुटत नाही. पण अशी दोन विवरे एकमेकांभोवती गरगरत एकजीव होतात, तेव्हा खुद्द अवकाश थरथरते. ही थरथर म्हणजेच गुरुत्वीय लहर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी ती प्रथम टिपली. तिच्यामुळे चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी बदलली होती.

यंत्राच्या गोंगाटात एवढीशी खूण ओळखायची कशी? या प्रश्नाच्या मागे पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर कितीतरी आधीपासून लागले होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९९१ चा. लहरींचे नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि प्रत्येक नोंद त्यांच्याशी ताडून पाहायची. जत्रेच्या गलक्यातही आई आपल्या लेकराची हाक ओळखते ना, तसेच! आजही शोधाची भिस्त मुख्यतः याच पद्धतीवर आहे.

२०२५ पर्यंत अशा नोंदी दोनशेच्या वर गेल्या. एका घरावरून गावाची कल्पना येत नाही. दोनशे घरे पाहिली की येऊ लागते. सूर्याच्या सुमारे १० पट आणि ३५ पट वस्तुमानाच्या आसपास विवरांची गर्दी आढळते. मात्र जड विवरांची लहर मोठी, म्हणून ती दुरूनही ऐकू येतात. मोजणीत ही तफावत वजा करावी लागते.

शास्त्रज्ञ खरे चक्रावले ते २०१९ च्या एका लहरीने. अतिजड तारे स्फोटात पूर्ण उधळून जातात, मागे काहीच उरत नाही. म्हणून साधारण ६५ ते १२० पटींची जागा रिकामी असावी, असा हिशेब होता. तिथे सुमारे ८५ पटींचे विवर सापडले! कदाचित ते ताऱ्यापासून नव्हे, तर आधीच्या दोन विवरांच्या मीलनातून जन्मले असावे.

अशी ‘दुसऱ्या पिढीची’ विवरे नेमकी कुठे घडतात, हे कळायला लहर आकाशातल्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते ठाऊक हवे. त्यासाठी अमेरिकेपासून दूर आणखी एक कान हवा आहे. तो औंढ्याला बसायचा आहे.