तांबडी पालवी

कोवळ्या पानांचा तांबूस रंग आपल्याला नवा नाही. आंबा, पिंपळ आणि सीतेचा अशोक यांच्या पालवीसाठी संस्कृताने 'किसलय', 'पल्लव' असे शब्द दिले व मराठीने ते आपलेसे केले. माडापोफळींच्या कुळाशी मात्र हा रंग आपण कधी जोडला नाही.

पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनियाच्या पर्जन्यवनांत 'शांबेरोनिया मॅक्रोकार्पा' नावाचा ताडवर्गीय वृक्ष आढळतो. फ्रेंच आरमारातील सर्वेक्षक शांबेरों यांच्या सन्मानार्थ व्हिएयार यांनी १८७३ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. त्याचे नवे पान उलगडते ते लालभडक. सुमारे दहा दिवसांत ते हिरवे होते. वर्षाकाठी पाने मोजकीच येतात, म्हणून हे दिवसही मोजकेच.

हा लालिमा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य मागाहून भरते. कोवळ्या पेशींचे प्रखर उन्हापासून रक्षण हे त्याचे प्रयोजन, असे काही शास्त्रज्ञ मानतात. किडींना परावृत्त करणे, असे इतर. मला दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतील असे वाटते.

लावू इच्छिणाऱ्यांनी बी ताजेच घ्यावे. रोपाला पहिली काही वर्षे सावली, पालापाचोळ्याची निचऱ्याची माती आणि बारमाही ओलावा हवा. गोव्यातील पोफळीच्या कुळागरात ते सुखाने वाढावे. ग्वाल्हेरच्या लूमध्ये त्याची पाने करपतील. आणखी एक: प्रत्येक रोप सारखे रंगत नाही. काहींची पालवी नुसतीच तपकिरी निघते, आणि हे पाने मोठी होईपर्यंत कळत नाही.