ऑनलाइन खरेदीतील दिशाभूल करणाऱ्या जाहिराती

वस्तूची किंमत, दर्जा, उपलब्धता किंवा हमी यांविषयी खोटे दावे करून, अथवा महत्त्वाची माहिती दडवून, संकेतस्थळावर वा ॲपवर ग्राहकाला खरेदीस प्रवृत्त करणाऱ्या जाहिरातींना दिशाभूल करणाऱ्या जाहिराती म्हणतात. ऑनलाइन खरेदीत वस्तू हाताळून पाहता येत नसल्याने छायाचित्र, वर्णन आणि इतरांचे अभिप्राय यांवरच ग्राहकाला विसंबावे लागते.

प्रकार

मूळ किंमत फुगवून मोठी सवलत भासवणे, 'फक्त दोनच नग शिल्लक' असे खोटे सांगून घाई करायला लावणे, ग्राहकाच्या संमतीविना विमा किंवा देणगी बिलात जोडणे, काही शुल्क अगदी शेवटी उघड करणे आणि विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे हे प्रमुख प्रकार होत. यांपैकी संकेतस्थळाच्या रचनेतूनच ग्राहकाचा निर्णय वळवणाऱ्या क्लृप्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात.

कायदेशीर तरतुदी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे. कलम २१ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात थांबवण्याचा वा बदलण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाला किंवा जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-वाणिज्य नियम, २०२० यांनी संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्यास आणि विक्रेत्याने ग्राहकाच्या नावाने अभिप्राय देण्यास मनाई केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्राधिकरणाने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ डार्क पॅटर्न नमूद आहेत.

तक्रार

१९८६ च्या अधिनियमात तक्रारदाराचे निवासस्थान हा तक्रार दाखल करण्याचा स्वतंत्र आधार नव्हता. विरुद्ध पक्षाचे व्यवसायस्थान किंवा वादाचे कारण जेथे घडले ते ठिकाण विचारात घेतले जाई. २०१९ च्या अधिनियमातील कलम ३४ ने हा आधार दिला. त्यामुळे कर्जत तालुक्यातील कडाव येथील ग्राहकाला दिल्ली किंवा बंगळूरच्या विक्रेत्याविरुद्धही अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. सर्वसाधारण मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. मात्र हेल्पलाइनला निवाडा देण्याचा अधिकार नाही.

संकेतस्थळावरील मजकूर विक्रेता केव्हाही बदलू शकतो. म्हणून जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट, बिल आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार हे तक्रारीतील महत्त्वाचे पुरावे ठरतात.