बॉनेट ॲम्बेसेडरचं, ब्लॉक कुणाचा?

जुनी गाडी दारात आली की पहिला सल्ला ठरलेला: "भाऊ, इंजिनच बदलून टाका!" टाका की, पण हॉर्सपॉवर विचारण्याआधी ब्लॉकची कुंडली बघा.

अदलाबदल कंपन्यांनीच शिकवली
गॅरेजवाल्यांना उगाच नावं ठेवू नका. १९८४ची काँटेसा अंगाने व्हॉक्सहॉल, पण इंजिन ॲम्बेसेडरचंच, १४८९ सीसीचं. देह पहिलवानाचा आणि दम मात्र तोळामासा! पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं, तेव्हा कुठे ती पळू लागली. कुर्ल्याच्या प्रीमिअरने ११८ एनईमध्ये फियाट १२४च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसी इंजिन बसवलं.

रुबाब रोव्हरचा, नातं ट्रॅक्टरशी
मद्रासच्या स्टँडर्ड २०००ला बॉडी मिळाली रोव्हर एसडी१ची. इंग्लंडमध्ये त्या बॉनेटखाली व्ही८ गुरगुरायचं. इथे आलं १९४०च्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं इंजिन. त्याच घराण्याने फर्ग्युसन ट्रॅक्टरही ओढला! हिंगण्याच्या कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडताना बघणाऱ्या नागपूरकरांना यात वावगं वाटू नये. शिवाय या घराण्याच्या ब्लॉकमधल्या स्लीव्ह थेट पाण्यात बसतात. झिजल्या की काढा, नव्या घाला. बोअरिंगची भानगड नाही.

ॲम्बीचा देखणा भाऊ
१९५५च्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही ॲम्बेसेडरच्याच घराण्याचं १४८९ सीसी इंजिन होतं, फक्त कार्ब्युरेटर दोन. म्हणजे ब्लॉक तोच, नशीब वेगळं.

बीड की ॲल्युमिनियम?
एक घन सेंटिमीटर बीड सुमारे ७.२ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७. म्हणूनच १९७३च्या एमजीबी जीटीत ॲल्युमिनियमचं व्ही८ बसलं, तरी वजन बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाइतकंच राहिलं. मात्र पाणी संपून इंजिन तापलं, तर ॲल्युमिनियम लवकर वाकतं.

मुरलेला ब्लॉक
१९८३ साली नेल्सन पिकेने ब्रॅबहॅम-बीएमडब्ल्यूतून फॉर्म्युला वनचं विजेतेपद पटकावलं. इंजिन दीड लिटरचं टर्बो, ब्लॉक मात्र १९६०च्या दशकातल्या साध्या बीएमडब्ल्यूचा, बिडाचा. त्यासाठी रस्त्यावर भरपूर पळालेले ब्लॉक मुद्दाम निवडत. तापून-निवून त्यांच्यातला ओतकामाचा ताण निघून गेलेला असे.

मे महिन्याची परीक्षा
रेडिएटर किती उष्णता फेकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर धरलं, तर २० अंशांच्या थंडीत फरक ७०चा; नागपूरच्या ४६ अंशांत उरतो ४४चा. तोच रेडिएटर, पण एक तृतीयांशाहून जास्त काम कमी! मोठा ब्लॉक टाकणार असाल, तर रेडिएटर आणि पंख्याचा खर्च आधीच धरा.

चेंबरचं पोट कुठे?
मुरलेला मिस्त्री वाकून आधी खालचा ऑइल चेंबर बघतो. चेंबरचं पोट पुढे असेल आणि गाडीचा क्रॉसमेंबरही नेमका तिथेच, तर इंजिन खाली बसत नाही. मग फाउंडेशन उचला, की बॉनेट लागत नाही. नाहीतर चेंबर कापून वेल्डिंग करा. तेव्हा ब्लॉक विकत घेण्याआधी टेप लावा.

शेवटी आरटीओ
इंजिन नंबर ब्लॉकवरच ठोकलेला असतो आणि आरसीवर तोच छापलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू नका. म्हणून आधी आरटीओत विचारा, मग नटबोल्ट खोला.

आणखी एक गंमत. २०२१मध्ये नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट आणली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. परका ब्लॉक बसवला की त्या पाटीचा नाद सोडा. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या पद्मिनीचा मूळ ब्लॉक किलोच्या भावाने भंगारात घालू नका. ऑइल फासून, गोणपाटात गुंडाळून ठेवा.