डोक्यावरचा सूर्य आणि काठीची सावली

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य तंतोतंत खरे ठरते ते मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपासच. पुण्यात २१ जूनला तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि २२ डिसेंबरला जवळपास तेवढाच दक्षिणेला. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा. डिसेंबरात ऐन मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यास ती पायाशीच नाहीशी होते. जूनअखेर ऊन पडलेच, तर ती जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर भरते, पण चक्क दक्षिणेकडे. याचे कारण एकच, पृथ्वीचा साडेतेवीस अंशांनी कललेला आस.

उन्हाळा-हिवाळाही याच कलण्यामुळे होतात. यावर कोणी म्हणेल, उन्हाळा होतो तो सूर्य जवळ आल्यामुळे. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत! दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: जुलैअखेर सूर्य पुण्यात पुन्हा डोक्यावर येतो, मग तेव्हा मेसारखी काहिली का होत नाही? कारण तेव्हा पावसाळी ढग ऊन अडवतात आणि उरलेली बरीच उष्णता ओल्या जमिनीतले पाणी वाफ करण्यात खर्ची पडते. थोडक्यात, किती ऊन मिळू शकते हे सूर्याचा मार्ग ठरवतो; त्यातले आपल्या अंगाला किती भाजणार, हे ढग आणि ओल ठरवतात.