लघु सॉफ्टवेअर निर्माते आणि ॲप बाजारपेठेतील दलालीचे सवलतीचे दर

शेतमालाच्या विक्रीतून अडत किती व कोणाकडून घ्यावी, हा वाद बुलडाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवा नाही. 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. मोबाइल ॲपच्या बाजारपेठेत अशीच कपात दीर्घकाळ तब्बल 30 टक्के होती आणि ती विक्रेत्याच्याच रकमेतून होत असे.

ॲपलने 1 जानेवारी 2021 पासून वार्षिक 10 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्या निर्मात्यांसाठी हा दर 15 टक्के केला. मर्यादा ओलांडताच उर्वरित वर्षासाठी जुना दर लागू होई. गुगलने 1 जुलै 2021 पासून प्रत्येक निर्मात्याच्या वर्षातील पहिल्या 10 लाख डॉलरवर 15 टक्के आकारणी सुरू केली. म्हणजेच चिखली वा मलकापूर येथील एखाद्या तरुणाने मराठी अभ्यासाचे ॲप 100 रुपयांस विकल्यास, कर वगळता, त्याच्या हाती 70 ऐवजी 85 रुपये येऊ लागले. तोच तरुण ॲपद्वारे बियाणे विकत असता तर दलाली शून्यच असती, कारण ती केवळ डिजिटल वस्तू व सेवांवर आकारली जाते. हा भेद चर्चेत बहुधा सुटतो.

सवलतीने दर घटला, सक्ती नव्हे. गुगलचीच देयक प्रणाली वापरण्याच्या अटीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आणला. दरम्यान, पर्यायी प्रणाली निवडणाऱ्यास 15 ऐवजी 11 टक्के दलाली देऊ करण्यात आली. मात्र त्या प्रणालीचे शुल्क वेगळे भरल्यावर लहान निर्मात्याच्या पदरात या 4 टक्क्यांतून फारसे काही उरत नाही.